बारा आवाजांची ढेप

गिरिजाक्का मगदूम यांनी पिशवीतून आधी मशीन काढलं, मग स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन्ही वस्तू फरजानाच्या टेबलावर ठेवल्या.

"हे उघड," त्या म्हणाल्या, "आणि आत जागा वाढवून दे. मी बसतो इथंच."

इचलकरंजीकडं बायकाही 'मी बसतो, मी जातो' असंच म्हणतात, हे बाहेरच्यांना आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं उगाच दचकाल.

फरजाना मोमीन ही श्रवणकेंद्रातली तंत्रज्ञ. सहा वर्षांपूर्वी गिरिजाक्कांच्या कानामागं पट्टी बसवली ती तिनंच, आणि त्या पट्टीला चालवणारं हे मशीन त्यांच्या घरी टेबलावर मांडून दिलं तेही तिनंच. आता तिनं ते हातात घेऊन उलटं केलं. मिठाच्या बरणीएवढा काळसर तांबूस ठोकळा, वजनाला भक्कम, पुढं बोटभर पडदा, मागं वायरीपुरतं भोक. मगदूमांच्या घरात त्याला सगळे ढेप म्हणायचे, कारण दिसायला ते थेट गुळाच्या ढेपेसारखं होतं.

"आक्का, याला स्क्रूच नाही," फरजाना तोंड समोर धरून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. केंद्रात गिरिजाक्कांना ओठांवरूनच समजून घ्यावं लागायचं.

"मग चिकटवलंय?"

"चिकटवलेलं पण नाही. एकसंध ओतलंय. उघडतच नाही."

"उघडत नाही अशी वस्तू असते व्हय जगात?"

"नारळ घ्या."

"नारळ फोडल्यावर उघडतोय की."

"हेही उघडेल," फरजाना म्हणाली, "पण खोबरं मिळणार नाही."

गिरिजाक्कांचा पारा चढला. त्यांचा जन्म यंत्रमागांत गेलेला. "आमचा पहिला माग साधा होता," त्या म्हणाल्या. "नुसतं पांढरं कापड निघायचं. दोन वर्षांनी त्याला डॉबी लावली, काठाला नक्षी आली. आणखी चार वर्षांनी डोक्यावर जेकार्ड चढवलं, तर पदरावर मोर आले. माग तोच, बघ. पाट्या बदलल्या, दांडे बदलले, मोटर बदलली. आणि ही तुझी ढेप, एवढी हुशार, हिला एक कप्पा वाढवता येत नाही? कुठल्या शहाण्यानं केलीय?"

फरजानानं त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगायला हवं, त्याशिवाय आक्कांचा राग कळायचा नाही.

कानाच्या आत शंखासारखी एक पोकळी असते आणि तिच्यात केसांहून बारीक अशा पेशी असतात. आवाज आला की त्या डोलतात आणि मेंदूकडं निरोप धाडतात. धोट्याच्या मागांची खडखड तीस वर्षं ऐकली की त्या आडव्या पडतात त्या कायमच्या. आजचे नवे माग हवेवर चालतात, नुसते फुसफुसतात, पण गिरिजाक्कांची पिढी त्याआधीची. कानात घालायची जुनी मशिनं आवाज फक्त मोठा करायची, त्याचा उपयोग होईना. नवी पट्टी मेलेल्या पेशींना वगळून थेट मज्जातंतूला बारीक टिचक्या मारते. पण कुणाच्या मज्जातंतूतले कुठले धागे शाबूत आहेत हे प्रत्येकाचं निराळं, आणि प्रत्येक माणसाचा गळाही निराळा. म्हणून 'हा गळा' आणि 'हा कान' यांची जोडी जुळवायला एक प्रचंड गणित करावं लागतं. ते ढेप करते आणि जपून ठेवते. मग ते माणूस घरात, अंगणात किंवा फोनवर बोलायला लागलं की ढेप पापणी लवायच्या आत पट्टीला सांगते, इथं टिचकी मार, तिथं मार. गिरिजाक्कांना ते माणूस जसंच्या तसं ऐकू येतं, त्याच्या सर्दीसकट. ज्याचं गणित ढेपेत नाही त्याची नुसती गुणगुण येते. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, शब्द एकही लागत नाही.

आणि ढेपेत गणितं मावतात बारा.

"इतकं झटपट काम करायचं," फरजाना म्हणाली, "तर साठवायचा भाग आणि गणित करायचा भाग यांच्यात केसाएवढं पण अंतर चालत नाही. जरा लांबून माहिती आली की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. माणसाला गरगरतं. म्हणून दोन्ही एकात ओतलेत."

"मग बाहेर कुठंतरी साठव. लोकांचे फोटो कुठं कुठं साठवलेले असतात."

"आवाजांच्या चोऱ्या व्हायला लागल्यापासून कायदा आलाय. कुणाचाही आवाज घराबाहेर साठवायचा नाही."

"दुसरी ढेप दे."

"एका कानाला दोन ढेपा चालत नाहीत आक्का. दोन सासवांच्या हाताखाली एक सून दिल्यासारखं होतं. कुणाचंच काम धड होत नाही."

सुनेवरच तर सगळं घोडं अडलं होतं. त्यांच्या वीरेशचं लग्न मे महिन्यात झालं. निपाणीची अक्षता घरात आली. पोरगी गुणाची, हसतमुख, सकाळी उठल्यापासून सासूला 'आत्या, आत्या' करत मागं मागं फिरायची. ते 'आत्या' गिरिजाक्कांना फक्त दिसायचं, कारण ढेपेतल्या बारा जागा भरलेल्या होत्या आणि अक्षता तेरावी होती.

"म्हणजे एकाला काढायचं," गिरिजाक्का म्हणाल्या.

"दुसरा इलाज नाही."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, ढेप पदरानं पुसली आणि घरचा रस्ता धरला.

बारा जणांची यादी अशी तशी नव्हती. पहिले त्यांचे यजमान मल्लाप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणायचे. मग वीरेश, गोकाकला दिलेली मुलगी महानंदा आणि जावई. दोन भाऊ. नणंद कस्तुराक्का, जी दर खेपेला येऊन चपला काढायच्या आधी ढेपेच्या पडद्यावर आपलं नाव आहे का ते बघून घ्यायची. डॉक्टर हुक्केरी, शेजारची शालन, लहानपणच्या दोन मैत्रिणी आणि भाजीवाली.

रविवारी जेवताना विषय निघाला. वीरेश म्हणाला, "त्यात काय एवढं? भाजीवालीला काढ."

"मेथी कालची की आजची हे मला कळणार कसं? खोटं बोलताना ती आवाज बारीक करती. तिच्या आवाजावर घर जेवतंय तुमचं."

"मग जावयांना. वर्षातून दोनदा फोन येतो, दिवाळीला आणि संक्रांतीला. बरं आहे का, एवढंच विचारतात."

"जावयाला काढू? महानंदाच्या कानावर गेलं तर ती या घरची पायरी चढंल का?"

"मोठा मामा तरी?"

"मोठ्याला काढलं म्हणून धाकट्यालाही काढायला लागंल. आणि दोघांना काढलं तर माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

कस्तुराक्कांचं नाव कुणी काढलंच नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना होती. अक्षता ताटाकडं बघत बसली होती आणि आपल्यामुळं हे चाललंय म्हणून कानकोंडी झाली होती.

तेवढ्यात अप्पा म्हणाले, "माझं नाव काढ."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. अप्पा मुळात कमी बोलणारे. ते भाकरी मोडत म्हणाले, "आपण तीस वर्षं चालू मागांत बोललो. तिथं कुणाला काय ऐकू येत होतं? माझ्या ओठांवरून तुला कळायचं, तुझ्या ओठांवरून मला. नवराबायकोची भांडणं पण आपण आवाज न करता केलीत. माझ्यासाठी मशीन कशाला पाहिजे तुला?"

गिरिजाक्कांनी एक घास खाईपर्यंत विचार केला. बोलणं बिनतोड होतं. चालू मागांच्या शेडमध्ये सगळे असेच बोलायचे, ओठ हलवून, हातवारे करून. अप्पांचे ओठ तर त्यांना पाढ्यासारखे पाठ होते.

"बरं," त्या म्हणाल्या.

अप्पांचा घास हातातच राहिला. मग तेही म्हणाले, "बरं." त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवणं झाल्यावर वीरेशनं ढेपेच्या पडद्यावरचं अप्पांचं नाव दाबून धरलं, ढेपेनं 'नक्की का?' विचारलं, त्यानं 'होय' म्हटलं आणि जागा रिकामी झाली.

आता ती जागा भरायची. फरजानाचे नियम कडक होते. नव्या माणसानं ढेपेसमोर एकट्यानं बसायचं, खोलीत दुसरा आवाज नको, आणि सलग पंधरा मिनिटं मोकळेपणानं बोलायचं. हसणं, लाड, चौकशी, राग, सगळं त्यात आलं पाहिजे, कारण माणूस चिडलं की त्याचा गळा वेगळा लागतो.

अक्षता बसली. तीन मिनिटांत तिचं बोलणं संपलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेपर वाचून दाखवला, तर ढेपेनं पडद्यावर लिहिलं, 'भाव अपुरे. पुन्हा बोला.' तिसऱ्या खेपेला तिनं निपाणीच्या आईशी बोलल्यासारखं करून बघितलं आणि रडायलाच लागली. ढेपेनं रडणं चांगलं टिपलं, पण बाकीचं मागितलं.

"जरा रागावून बघ की," वीरेश म्हणाला.

"कुणावर?" अक्षता म्हणाली.

तिचंही खरंच होतं. सासरी येऊन चार महिने झालेल्या पोरीनं रागवायचं तरी कुणावर, आणि तेसुद्धा सासूच्या मशीनसमोर?

असे दिवस जायला लागले. सून कानात आली नाही आणि नवरा मात्र कानातून गेला. पहिले दोन-तीन दिवस गिरिजाक्कांना काही वाटलं नाही. अप्पा समोर असले की सगळं कळायचंच. पण संसारात माणसं समोरासमोर किती वेळ असतात? अप्पा न्हाणीघरातून टॉवेल मागायचे. सोप्यावर, म्हणजे ओसरीवर बसून पेपरातल्या बातमीवर शेरा मारायचे. झोपाळ्यावर पडल्या पडल्या 'गिरिजा' एवढंच म्हणायचे, काम काही नसायचं. हे सगळं आता गुणगुण झालं. स्वयंपाक करताना मागून गुणगुण आली की त्या वळून विचारायच्या, "काय म्हणालात?" अप्पा हात झटकायचे. काही नाही.

गिरिजाक्कांना करमेना. घर माणसांनी भरलेलं होतं, अकरा आवाज ठणठणीत येत होते, आणि तरी काहीतरी उपाशी राहिल्यासारखं वाटायचं. अप्पांना परत घ्यावं असं चारदा मनात आलं. पण मग सुनेला काय सांगायचं? तुझ्यासाठी जागा केली होती, आता नाही म्हणून? आणि अप्पाही तोऱ्यात होते. एकदा आक्कांनी बोलून बघितलं, "तुम्हाला परत घेऊ का?" तर अप्पा म्हणाले, "मला कशाला? पोरीचं बघ." पहिल्या वेळी त्यांची पंधरा मिनिटं भरायला तीन दिवस लागले होते, तेही होतंच.

अशात हस्त नक्षत्र लागलं आणि हादग्याचे दिवस आले. हादगा म्हणजे पाटावर हत्तीचं चित्र मांडायचं, गल्लीतल्या बायका-पोरींनी त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी डबा वाजवून आत खिरापत काय आहे ते ओळखायचं. कस्तुराक्का तेवढ्यासाठी दोन दिवस मुक्कामाला आल्या. आल्या आल्या त्यांनी ढेपेवर आपलं नाव बघितलं, भावाचं नाव नाही हेही बघितलं, आणि सगळी हकीकत ऐकून घेतली.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "तिला राग पाहिजे, लाड पाहिजे, गाऱ्हाणं पाहिजे. मग हादग्यात काय असतंय दुसरं? सासूला शिव्या, नणंदेच्या नावानं बोटं मोडणं, माहेरची वाट बघणं. गाण्यात म्हटलेलं कुणी मनाला लावून घेत नाही. ढेप ठेवा मधे हत्तीजवळ आणि गाऊ दे पोरीला."

"फरजाना म्हणती, एकटीनंच बोलायचं," गिरिजाक्का म्हणाल्या.

"हादगा एकटीनं खेळतात का कधी?"

संध्याकाळी अंगणात पाट मांडला, हत्ती ठेवला, हत्तीशेजारी वायर ओढून ढेप ठेवली. कस्तुराक्कांनी हत्तीला हळदकुंकू लावलं आणि त्याच हातानं ढेपेलाही लावलं. वीरेशनं पडद्यावर अक्षताचं नाव घालून बटण दाबलं आणि तो आत निघून गेला. गिरिजाक्कांसोबत आणखी अठरा जणींनी फेर धरला.

शिकत असताना ढेप काहीच ऐकवत नाही. त्यामुळं गिरिजाक्का शांततेतच, स्वतः न गाता फिरत होत्या. पण गाणी त्यांना तोंडपाठ होती आणि पायांना ठेका ठाऊक होता. शालन एक ओळ सांगायची, बाकीच्या उचलायच्या, मग तीच ओळ पलीकडची कुणी वेगळ्या ढंगानं म्हणायची. समोर अक्षता होती. गाण्यातली सून सासूला जे जे म्हणते ते ती इतकं जीव तोडून म्हणत होती, डोळे मोठे करून, मान उडवून, की गिरिजाक्कांना ओठांवरून सगळं कळलं आणि फेरातल्या फेरात हसू आवरेना. सुनेनंही सासूला हसताना बघितलं आणि पुढची ओळ आणखी जोरात घेतली. चार महिन्यांत पहिल्यांदा दोघी एकमेकींशी मनमोकळं बोलल्या, ते असं.

खिरापतीला उकडलेले शेंगदाणे होते. सगळ्या घरी गेल्या. ढेप तेवढी गुंतलेलीच राहिली.

सकाळी पडद्यावर 'शिकत आहे' एवढंच होतं आणि ढेप तापली होती. तिच्यावर हात टेकवत नव्हता. कुणाचाच आवाज येत नव्हता, गुणगुणसुद्धा नाही. वीरेशनं फरजानाला फोन लावला. सगळी हकीकत सांगितली.

"अठरा जणींना एकदम?" ती म्हणाली. "दादा, ती त्यांना एकच माणूस समजेल. असलं माणूस तिच्यात मावायचं नाही. जागा करण्यासाठी ती जुनं पुसायला लागली तर अकराच्या अकरा जातील. आता मधेच बंद करू नका, बंद केलं तर सगळंच संपलं. मी कोल्हापुरात आहे, परवा येतो."

ते दोन दिवस वाईट गेले. कस्तुराक्का देवासमोर बसून राहिल्या आणि त्यांनी स्वतःहून सांगून टाकलं की परत जागा कमी पडली तर माझं नाव काढा. त्यांच्या तोंडून हे निघालं म्हणजे प्रकरण गंभीर होतं. अक्षता रडून रडून सुजली. गिरिजाक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. सहा वर्षांपूर्वीचे दिवस त्यांना आठवत होते, जेव्हा पोरीचं लग्न, घरातली भांडणं, आजारपणं सगळी मुकी होऊन समोरून गेली होती. पुन्हा तेच आलं तर आपल्याच्यानं सोसायचं नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. अप्पा दोन दिवस त्यांच्या समोरच बसून होते. पाठीमागं एकदाही गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाक्का मोरीत भांडी घासत होत्या.

"आत्या, दूध उतू जातंय."

त्या धावल्या, गॅस बंद केला, फडक्यानं शेगडी पुसली. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. आवाज बारीक होता, थोडासा नाकातला, आणि 'आत्या'तल्या 'आ'वर निपाणीचा हेल होता. त्यांनी वळून बघितलं. दारात अक्षता पिठाचे हात घेऊन उभी होती.

"परत म्हण," गिरिजाक्का म्हणाल्या.

"दूध..."

"दूध जाऊ दे चुलीत. मला हाक मार."

"आत्या," अक्षता म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. पिठाच्या हातांसकट ती सासूच्या गळ्यात पडली. दोघी एकदम बोलायला लागल्या, आणि मजा म्हणजे दोघींचंही दोघींना कळत होतं.

पण खरी गंमत पुढंच होती. अंगणात आल्यावर शालनचा आवाज आला. ती यादीत होतीच. तिच्याशी बोलणारी आणखी एक बाई होती, तिचेही शब्द लख्ख येत होते. ती समोरच्या घरातली बाळाबाई. सहा वर्षांत तिचा एक शब्द गिरिजाक्कांच्या कानात गेला नव्हता. मग वरच्या मजल्यावरची शिक्षिका बोलली, तीही आली. गिरिजाक्का गल्लीतल्या बायकांना अंगणात बोलावून बोलावून बोलायला लावत सुटल्या. "तू बोल गं काहीतरी. आता तू. तुझा आवाज एवढा घोगरा? मला वाटलं होतं तू नाजूक बोलत असशील." हादग्यात होती ती प्रत्येक बाई ऐकू येत होती. नवरात्रातल्या ओटीसारखं त्यांचं अंगण भरून गेलं.

दुपारी फरजाना आली ती रागवायची तयारी करूनच. तिनं आपलं यंत्र ढेपेला जोडलं, बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"आक्का, यात सत्तावीस माणसं आहेत."

"व्हय. अकरा पहिली आणि अठरा फेरातल्या. शालन आणि कस्तुराक्का दोन्हीकडं."

"बाराची ढेप आहे ही. आणि तरी पाऊण रिकामी." ती मटकन खुर्चीत बसली. तासभर तिचं डोकं त्यातच होतं. मग तिला उलगडा झाला आणि तिनं तो सांगितला.

आजवर जो तो एकेकटा येऊन मनाला येईल ते बोलून गेला होता. त्यामुळं ढेपेला प्रत्येक माणूस सगळाच्या सगळा नवा वाटायचा आणि प्रत्येकासाठी ती पहिल्यापासून अख्खं गणित मांडायची. हादग्यात पहिल्यांदाच तीच ओळ, तेच शब्द, त्याच ठेक्यात अठरा गळ्यांतून तिच्यासमोर आले, कधी एकत्र, कधी सुटे. तेव्हा तिला कळलं की या माणसांच्या बोलण्यात बरंचसं सारखंच आहे. शब्द कुठं ओढायचा, कुठं तोडायचा, श्वास कुठं घ्यायचा. ते सारखं तिनं एकदाच मोठं साठवलं आणि प्रत्येकीचा फरक तेवढा चिमूटभर वेगळा ठेवला. मग तिनं पहिली अकरा माणसंही उचकटून त्याच तऱ्हेनं नव्यानं लावली. दोन दिवस तापली ती त्यासाठी.

"म्हणजे ताणा एकच," गिरिजाक्का म्हणाल्या, "आणि बाणा ज्याचा त्याचा."

फरजानाला मागांतलं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं. कापडातले उभे धागे म्हणजे ताणा. एकदा ताणा मांडला की त्याच्यावर बाण्याच्या आडव्या धाग्यांनी हवी तेवढी निरनिराळी लुगडी विणता येतात. "ही बया प्रत्येक लुगड्याला नवा ताणा मांडत बसली होती. मग जागा पुरंल कशी?"

"अगदी हेच," फरजाना म्हणाली. "माझ्या अहवालात मी हेच लिहिणार. इतकी वर्षं आम्ही ढेप मोठी कशी करायची म्हणून डोकं फोडतोय, आणि माणसांना एकेकटं बसवतोय."

पुढं त्या अहवालावरून बरंच काही झालं. गावोगावी लोक ढेपा मधे ठेवून आपापली गाणी म्हणायला लागले, आणि कंपनीनं आपल्या पुस्तिकेतला 'एकट्यानं बसा' हा नियम गुपचूप खोडून टाकला. पण ते नंतर. त्या दुपारी फरजानानं वायर सोडवायच्या आधी विचारलं, "अप्पांना परत घ्यायचं ना? आता पंधरा मिनिटं नकोत. ताणा आहेच. एक वाक्य पुरे."

गिरिजाक्कांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी छताकडं बघितलं.

"एकच वाक्य अप्पा," फरजाना म्हणाली. "मनापासूनचं पाहिजे मात्र. पेपरातलं नको."

अप्पा उठून ढेपेसमोर गेले. त्यांची पाठ गिरिजाक्कांकडं होती, त्यामुळं ओठ दिसत नव्हते. ते वाकून काहीतरी बोलले. गिरिजाक्कांना फक्त बाकीच्यांची तोंडं दिसली. अक्षतानं तोंडावर हात ठेवला. वीरेश खिडकीबाहेर बघायला लागला. कस्तुराक्का पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

"काय म्हणाले?" गिरिजाक्कांनी विचारलं.

फरजानानं पडद्याकडं बोट दाखवलं. ढेपेच्या पडद्यावर अप्पांचं नाव उमटलं.

"झालं," फरजाना म्हणाली. "अप्पा, आता तेच वाक्य परत म्हणा."

अप्पा वळले. गिरिजाक्कांच्या कानात तो आवाज आला, जाडाभरडा, मधे जरा अडखळणारा, तंबाखू सोडून वीस वर्षं झाली तरी खरखरणारा. "माझं नाव काढ म्हणालो, तेव्हा तू नको म्हणशील असं वाटलं होतं."

गिरिजाक्कांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "मग त्याच दिवशी का नाही बोललात? एवढे दिवस मी झुरतोय इथं."

"बोललो की," अप्पा म्हणाले. "रोज बोललो. तू पाठमोरी असताना."

गिरिजाक्का उठल्या. डोळे न पुसताच त्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेल्या आणि अप्पांकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता म्हणा. पहिल्या दिवसापासूनचं सगळं."